शेत चालूच होतं, चुकारा अडकला होता

कोरोनाच्या 2020-21 या वर्षात देशाची अर्थव्यवस्था आकसली, पण शेतीक्षेत्र वाढलं. रब्बीचा गहू विक्रमी आला, अन्न महामंडळाच्या गोदामांत जागा पुरत नव्हती. त्याच काळात विदर्भात यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या कितीतरी शेतकरी घरांत तुरीची डाळ जपून शिजत होती आणि बियाणं-खत विकणाऱ्या कृषी केंद्राच्या काउंटरवर 'मागची बाकी आधी' असं ऐकावं लागत होतं. देशात धान्य रग्गड आणि धान्य पिकवणाऱ्या वर्गाच्या घरी ओढाताण, हे एकाच वेळी कसं काय?

सुरुवात 'अन्नसुरक्षा' या जड शब्दापासून करू. लोक त्याचा अर्थ 'धान्याचा साठा' एवढाच घेतात. साठा हा त्यातला एक भाग झाला. ते धान्य माझ्या घरी येईल एवढी माझी ऐपत आहे का, हा दुसरा. ताटात नुसता भात पडतो की सोबत डाळ, भाजी, अंडं, दूधही असतं, हा तिसरा. आणि हे सगळं यंदा जमलं तसं पुढच्या वर्षीही जमेल का, हा चौथा. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी दुसऱ्या भागाकडे जगाचं लक्ष वेधलं. बाजारात धान्य असूनही माणसं उपाशी मरतात, कारण ते घेण्याची त्यांची ताकद संपलेली असते. कोरोनाकाळात विदर्भात उपासमारीचे बळी पडले असं मला म्हणायचं नाही. पण कुऱ्हाड पडली ती याच दुसऱ्या भागावर.

ती इथे इतकी जोरात का लागली? कारण विदर्भातला छोटा शेतकरी खाण्यापिण्याच्या बाबतीत गिऱ्हाईक आहे. सरकारी व्याख्येत अडीच एकरांपर्यंत जमीन असलेला तो सीमांत आणि पाच एकरांपर्यंतचा अल्पभूधारक. पश्चिम विदर्भात अशा शेतात दिसतं काय? पऱ्हाटी म्हणजे कपाशी, सोयाबीन, मधल्या तासांत तूर. यातली तूर सोडली तर पोटात थेट जाणारं काही नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी याच रानात ज्वारी असायची. घरात भाकर, गोठ्यात कडबा. मग सोयाबीन आलं, रोख पैसा आला. पाखरांनी आणि रानडुकरांनी उरलीसुरली ज्वारीही नकोशी करून टाकली. आज गहू, तांदूळ, तेल, साखर, भाजी सगळं विकत किंवा राशनच्या दुकानातून, ज्याला आपल्याकडची जुनी माणसं अजून 'कंट्रोल' म्हणतात. म्हणजे या घराचं जेवण कोठीतल्या धान्यावर चालत नाही, विकलेल्या मालाच्या पैशावर चालतं. विक्री थांबली की स्वयंपाकघर थांबलं. पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या बऱ्याच भागात, गोष्ट जरा वेगळी. तिथे निदान तांदूळ तरी घरचा असतो.

आता वेळ बघा. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस 25 मार्च 2020, आणि नेमका तोच गुढीपाडवा. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल बदलतं, नव्या वर्षाचा सौदा होतो, काही रक्कम उचल द्यावी लागते. मार्च ते मे हा काळ म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षाचा सांधा. मागच्या पिकाचा पैसा याच दिवसांत हातात येतो आणि पुढच्या पिकाचा खर्च याच दिवसांत सुरू होतो. वखरणी, शेणखत, बियाणं, खत, झालंच तर लग्नसराई. हीच टाळेबंदी ऑगस्टमध्ये आली असती तर पीक शेतात वाढत राहिलं असतं आणि विकायला फारसं काही नसतंच. महामारीचा रोग सगळीकडे सारखा असेल, तिचा आर्थिक घाव मात्र ती कोणत्या महिन्यात येते यावर ठरतो.

केंद्र सरकारने मार्च संपायच्या आतच शेतीकामं, बाजार समित्या, बियाणं-खतांची दुकानं टाळेबंदीतून वगळली होती. कागदावर शेतीला बंदी नव्हतीच. अडलं ते पुढच्या साखळीत, आणि कापूस हे त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आहे.

वेचलेला कापूस जिनिंगला जातो. तिथे सरकी आणि रुई वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. गाठी सूतगिरणीला, सूत कापड गिरणीला, सरकी तेलाला आणि तेल काढल्यावर उरलेली ढेप आपल्या बैला-म्हशींना. टाळेबंदीत कापडाची दुकानं बंद, गिरण्या बंद, निर्यात अडलेली. जिनिंगवरचे बरेच मजूर परराज्यातले. ते गावी गेले किंवा कुठेतरी अडकले. गाठींना उठाव नाही म्हटल्यावर जिनिंगवाला कापूस घेईल कशाला? भारतीय कापूस महामंडळ आणि राज्याचा पणन महासंघ यांची हमीभावाची खरेदी मार्चमध्ये बंद पडली, ती एप्रिलचा तिसरा आठवडा उलटल्यावर हळूहळू सुरू झाली. तीही टोकन पद्धतीने, एका केंद्रावर दिवसाला मोजक्याच गाड्या. आधी नाव नोंदवा, मग फोनची वाट बघा, मग गाडी भाड्याने सांगा, आणि केंद्रावर गेल्यावर प्रत तपासणारा ग्रेडर म्हणणार की हा माल फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या झाडांचा हलका कापूस, बसत नाही. मग भरलेली गाडी तशीच परत, भाडं अंगावर.

त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 5,550 रुपये होता. गावात येऊन खेडा खरेदी करणारा व्यापारी हजारभर रुपये कमी देत होता, कुठे त्याहूनही कमी. ज्याच्या घरी पंधरा क्विंटल कापूस पडून होता त्याचा घाटा पंधरा हजारांचा. ही रक्कम किती मोठी? तेव्हा बीटी कपाशीची पिशवी 730 रुपयांना होती. एकरी दोन पिशव्या धरल्या तर तीन एकरांचं बियाणं साडेचार हजारांच्या आत येतं. त्यावर खताचा पहिला डोस धरूनही पंधरा हजार संपत नाहीत. म्हणजे पुढचा अख्खा पेरा उभा राहील एवढे पैसे त्या एका सौद्यात गेले. तरीही लोकांनी विकला, कारण थांबायचं तर कशाच्या जोरावर? ज्यांना थांबणं परवडलं त्यांना हमीभाव मिळाला. छोट्या आणि मोठ्या शेतकऱ्यातला खरा फरक मला एकरांपेक्षा या थांबण्याच्या ताकदीत दिसतो.

आणि थांबणंही फुकट नसतं. दोन खोल्यांच्या घरात एका खोलीत छतापर्यंत कापूस. एप्रिल-मेच्या उन्हात तो वाळतो, वजन घटतं. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते. लहान पोरांच्या हातापायांवर पुरळ उठतं. त्या उन्हाळ्यात ही तक्रार गावोगाव होती. दवाखान्यात जावं तर तिथे कोरोनाची भीती. शिवाय ठिणगीचा घोर, त्यामुळे चुलीसुद्धा अंगणात गेल्या. शेवटी जूनच्या तोंडावर माल गेला तरी चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, बँकेत जमा व्हायला दिवस लागले, आणि बँकेची एक शाखा, तिला जोडलेली पंधरा-वीस गावं, दाराबाहेर उन्हात रांग, आत लिंक फेल.

अफवेचं गणितही सांगण्यासारखं आहे. टाळेबंदीच्याही आधी, फेब्रुवारीतच, कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी आवई व्हॉट्सअपवरून पसरली. चिकन कवडीमोल झालं, पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकटसुद्धा वाटले. इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. पण कोंबडीचं खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. पक्षीच नाहीत तर मका कोण घेणार? 1,760 रुपये हमीभावाचा मका त्याहून कितीतरी खाली गेला. ज्याने आयुष्यात कोंबडी पाळली नाही अशा मकावाल्यालाही त्या खोट्या निरोपाचा फटका बसला. शेतमालाचे भाव असे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे महामारीत नुकसान कुठे सुरू झालं आणि कुठे जाऊन पोचलं हे पटकन कळत नाही.

भाजीपाला आणि फळांचं काय झालं ते थोडक्यात. आठवडी बाजार बंद झाले, आणि विदर्भात गावच्या वांग्या-टमाट्याचा बाजार म्हणजे आठवडी बाजारच. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडे मृग बहाराची संत्री त्याच सुमारास निघत होती. दिल्ली, कोलकाता आणि बांगलादेशकडे जाणाऱ्या गाड्यांचा भरवसा राहिला नाही. काही शेतकरी गटांनी नागपूर-अमरावतीच्या वस्त्यांमध्ये थेट विक्री केली. त्याची कौतुकं खूप झाली, आणि ती योग्यच. पण ते जमलं शहराच्या जवळच्यांना, गाडी आणि ओळखी असलेल्यांना.

जंगलपट्ट्यातलं नुकसान बातम्यांत सगळ्यात कमी आलं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडची अनेक कुटुंबं उन्हाळ्याआधी मिरची तोडायला तेलंगणात जातात. मजुरीचा काही भाग ती मिरचीच्याच रूपात आणतात, आणि ती मिरची घरचं वर्षाचं तिखटही असते आणि विकून आलेला पैसाही. 2020 मध्ये ही माणसं तिकडे अडकली, बरीचशी पायी निघाली. मार्च-एप्रिल हे मोहफुलं वेचायचे दिवस, एप्रिल-मे तेंदूपत्त्याचे. बाहेरचे ठेकेदार येणार कसे हा प्रश्न, आलेच तर भाव पाडून. एक-दोन एकर धान असलेल्या घरात रोख पैसा येतो तो याच दोन-तीन महिन्यांत. त्यावर ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडचा उभा धान पाण्याखाली गेला.

मग उपासमार का झाली नाही? इथे सरकारी व्यवस्थेला तिचं श्रेय द्यायला हवं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने राशनची चौकट आधीच उभी होती. एप्रिल 2020 पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून माणशी महिन्याला पाच किलो धान्य फुकट मिळू लागलं, नेहमीच्या कोट्याच्या वर. मधला काही काळ सोडला तर हे 2022 संपेपर्यंत चाललं. केशरी कार्डवाल्यांना राज्याने मे आणि जूनमध्ये 8 रुपये किलोने गहू आणि 12 रुपयांनी तांदूळ दिला. अमरावती विभागातले पाच जिल्हे आणि वर्धा इथे आत्महत्याग्रस्त जिल्हे म्हणून केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना 2015 पासून स्वस्त धान्य मिळत होतंच. ही सोय नसती तर चित्र फार भयंकर असतं.

किती भयंकर, याचा अंदाज 1918 वरून येतो. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि ऐन सुगीच्या दिवसांत इन्फ्लुएंझाची दुसरी लाट आली. पीक आधीच कमी, जे होतं ते कापायला धडधाकट माणूस नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा मुलूख देशात सर्वाधिक मृत्यू झालेल्या भागांपैकी एक. 1911 ते 1921 या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, त्यात या साथीचा मोठा हात. तेव्हा राशन नव्हतं, गोदामं नव्हती. 2020 मध्ये ती होती, आणि मान्सूनही सरासरीपेक्षा जास्त बरसला. रोग आणि अवर्षण एकत्र आले नाहीत, यात व्यवस्थेइतकाच नशिबाचाही वाटा होता.

पण राशनने पोट भरलं, ताट भरलं नाही. आलं ते गहू-तांदूळ. डाळ कुटुंबामागे एक किलो, तीही उशिरा. शाळा बंद म्हणून खिचडी बंद. तिच्याऐवजी कोरडा शिधा घरी आला, पण तो मग साऱ्या घराचा झाला. अंगणवाडीच्या ताज्या गरम आहाराचंही तसंच. मेळघाटासारख्या भागात, जिथे कुपोषण आधीच घर करून आहे, तिथे हा फरक लहान म्हणता येत नाही. पैशाची चणचण आली की घरातली बाई पहिली काटछाट कुठे करते? डाळ पातळ होते, दूध चहापुरतं राहतं, आणि ती स्वतः सगळ्यात शेवटी जेवते. हे कुठल्याच गोदामाच्या आकड्यात दिसत नाही.

तेलाची गंमत तर विचारू नका. 2020 च्या खरिपात सोयाबीनचं बियाणंच अनेक ठिकाणी उगवलं नाही. आदल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात भिजलेल्या सोयाबीनची उगवणशक्ती गेली होती, आणि तेच पुढे बियाणं झालं. दुबार पेरणी करावी लागली. मग शेंगा भरताना खोडमाशी, काढणीला पाऊस. जे हाती आलं ते दिवाळीआधी क्विंटलला चार हजारांच्या आसपास विकलं गेलं. त्यानंतर जगभर खाद्यतेल महागलं आणि ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीनचा भाव दहा हजारांपर्यंत गेला. तेव्हा छोट्या शेतकऱ्याकडे सोयाबीनचा दाणा नव्हता, होती ती किराणा दुकानातली दीडशेच्या घरातली तेलाची पिशवी. सरकारने 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, आणि नवं पीक बाजारात यायला लागलं तोवर भाव निम्म्यावर आलेला. आयातीवर खापर फोडणारे आहेत, नवी आवक आल्यावर भाव पडतोच म्हणणारेही आहेत. माझ्या मते दोन्ही कारणं आहेत. पण महागाईत घेणारा आणि मंदीत विकणारा माणूस एकच होता, हे विसरता येत नाही.

महामारीचा उशिरा दिसणारा घाव म्हणजे कर्ज. डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झालेल्या दोन लाखांपर्यंतच्या कर्जमुक्तीचं काम आधार प्रमाणीकरणावर चालायचं, ते टाळेबंदीत थांबलं. यादीत नाव, पण खातं थकीत, म्हणून नवं पीककर्ज नाही. ती रक्कम 'शासनाकडून येणे' समजून या शेतकऱ्यांना नवं कर्ज द्या, असं राज्याने बँकांना कळवलं. वरचा आदेश शाखेच्या काउंटरपर्यंत यायला किती वेळ लागतो ते ज्याला लागतं त्यालाच ठाऊक. पीककर्ज नाही मिळालं तर सावकार, नाहीतर कृषी केंद्राची उधारी. उधारीत बियाणं-खत दुकानदार म्हणेल ते आणि तो म्हणेल त्या भावाने घ्यावं लागतं, आणि बऱ्याचदा पीकही त्याच्याच ओळखीच्या व्यापाऱ्याला जातं. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना सवलत दिली, पण व्याज चालूच होतं. बचत गटांतल्या अनेक बायांना हे सप्टेंबरातच उमगलं.

2020 मध्ये गावात रोग कमी आणि पैशाची तंगी जास्त होती. 2021 मध्ये उलटं झालं. फेब्रुवारीतच अमरावती, यवतमाळ, अकोल्याकडे रुग्ण वाढले, आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पुन्हा त्याच सांध्यावर, घराघरांत तापाची माणसं. खाजगी दवाखान्याचं बिल लाखात. बैलजोडी विकली, दागिने मोडले, कुणी एकर-दोन एकर गहाण टाकलं. बैल गेला की पुढच्या वर्षी डवरणीला, म्हणजे पिकाच्या ओळींतलं तण काढायला, भाड्याचा, आणि भाड्याचा बैल वापशाच्या दिवशी, म्हणजे माती कामाजोगी ओली असते त्या दिवशी, मिळत नाही. मग तण वाढतं, उतारा घटतो. तापाचं कारण 2021 चं, पण उत्पन्न घटलं 2022 मध्ये. म्हणून महामारीचा हिशेब एका वर्षात मांडला की तो चुकतो.

उपाय म्हणून मोठमोठ्या घोषणांपेक्षा मला दोन-तीन कामाच्या गोष्टी दिसतात. एक म्हणजे शेतमाल तारण योजना. तूर, सोयाबीन, हरभरा बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा आणि किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचलायची. थांबण्याची ताकद विकत घ्यायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग. अडचण इतकीच की गोदाम तालुक्याला असतं आणि तीन क्विंटल तुरीसाठी गाडी परवडत नाही. चार घरांनी मिळून नेली तरच जमतं. दुसरं, रोजगार हमी. तिचा जन्म महाराष्ट्रातलाच. 2020-21 मध्ये देशभर तिच्यावर विक्रमी गर्दी झाली. पण गावात शेल्फवर, म्हणजे आधीच आखून ठेवलेल्या यादीत, मंजूर कामं तयार नसतील तर मागणी करूनही मस्टर, म्हणजे कामाचं हजेरीपत्रक, निघत नाही. तिसरं, धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, पट्टीत का होईना, ज्वारी आणि चार भाज्यांच्या ओळी. डुकरांचं काय, असं कुणी विचारेल. खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सामूहिक कुंपणाशिवाय ते होणार नाही.

आणि एक काम अजूनही अनेक घरांत बाकी आहे. कोरोनात घरचा कर्ता गेला, बाई शेत कसते, पण सातबाऱ्यावर नाव अजून नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं. अशा बाईला पीककर्ज मिळत नाही, किसान सन्मानचे वर्षाचे 6,000 रुपये अडतात, पीकविम्याचा आणि नुकसानभरपाईचा पैसा दुसऱ्याच्या नावावर अडकून राहतो. राज्याने ऑगस्ट 2021 मध्ये कोरोनात विधवा झालेल्या महिलांसाठी 'मिशन वात्सल्य' सुरू केलं, त्यात ही कागदपत्रंही धरली होती. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र आणि साधा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही देता येतो. अर्जाची पोच घ्यायची. नोटिशीनंतर 15 दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातला बदल, मंजूर करतो. दिरांचा नाही तर जावांचा मान राखायचा म्हणून हा अर्ज पुढे ढकलला जातो. पेरणीच्या आधी, मेमध्येच, तो देऊन टाकावा. जूनमध्ये बँकेत उभं राहायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो.